मॅडमच्या दारावरचा चिमटा

"नमुना लागला का व?"

हे वाक्य मी त्या आवाजात काढलं की माझी आई अजूनही हातातलं काम ठेवून दाराकडे पाहते. आवाज घशातून काढायचा नाही, नाकाच्या वरच्या मजल्यावरून काढायचा. 'लागला'वर काठी आपटायची. 'व' म्हणताना समोरच्या माणसाकडे बघायचंच नाही, त्याच्या दाराकडे बघायचं. आणि शेवटी एक खोकला, जाडा, घोंगडी झटकल्यासारखा. बाकी सगळं मला येतं. आमच्या सरपंचाची, एसटीच्या कंडक्टरची, टीव्हीवरच्या बातम्यावाल्या बाईची, सगळ्यांची नक्कल मी करते. त्या खोकल्यात मात्र मॅडमनी मला कायम नापासच ठेवलं.

मॅडम माझी घरमालकीण. मी डी. फार्म करायला गोरेगावला होती तेव्हा त्यांच्याकडे राहायची. गोरेगाव म्हटलं की बाहेरच्यांना मुंबईचं वाटतं. आमचं गोरेगाव गोंदिया जिल्ह्यातलं, चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, आणि समुद्र पाहायची हौस आली तर तलावावर भागवायचं. मॅडम तिथल्याच. आयुष्यभर जीवशास्त्र शिकवून रिटायर झालेल्या, लग्न केलेलं नाही. वर माडीवर त्या राहायच्या, खाली अंगणाभोवती भाड्याच्या खोल्या. प्रत्येक खोलीच्या दाराला लागून भिंतीत एक खिळा, खिळ्याला सुतळी, सुतळीला कपडे वाळवायचा चिमटा. हा चिमटा कायले, ते मला पहिल्याच दिवशी कळलं.

बाबा मला पोचवायला आले होते. आमच्या अर्जुनी मोरगावकडून कुठेही खोली पाहायला गेलं की पहिला प्रश्न आडनावाचा येतो, आणि आडनाव सांगितलं की खोली 'आताच गेली' असते. बाबांनी आधीपासूनच मन घट्ट करून ठेवलं होतं. मॅडमनी आडनाव विचारलंच नाही. मला वरून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "संध्याकाळी काय रांधशील?"

मग नियम सांगितला. खोलीत जे शिजेल त्याचा एक तुकडा दारावरच्या चिमट्याला लागला पाहिजे. वांग्याचं देठ, कांद्याचं साल, मेथीची काडी, काहीही. रोज संध्याकाळी त्या फेरी मारणार, चिमटे पाहणार. खोलीत कधीच येणार नाहीत, आत डोकावणारसुद्धा नाहीत.

बाबा मला बाजूला घेऊन म्हणाले की आडनाव नाई विचारलं पण चूल विचारून राहिली, एकच झालं ना. दुसरी खोली पाहू. पण उन्हात आम्ही सकाळपासून दुसऱ्याच खोल्या पाहत होतो. मी राहिली.

आणि मी पण बाबांचीच पोरगी. त्याच संध्याकाळी बाजारातून सुके बोंबील आणले, भाजले, सगळं अंगण शिंकलं, आणि त्यातलं सगळ्यात मोठं शेपूट चिमट्याला लावलं. म्हटलं, हो की नाही ते आजच होऊन जाऊ दे. बॅग उघडलीच नव्हती.

मॅडम आल्या. लुगड्यावर स्वेटर, पायात शाळेच्या पोरांचे पांढरे पीटीचे बूट, हातात काठी. वाकल्या, वास घेतला, स्वेटरच्या खिशातून खडू काढला आणि खिळ्याखाली भिंतीवर लिहिलं, '५'.

"जाळलास," म्हणाल्या, आणि पुढच्या दाराकडे गेल्या.

तेव्हापासून मी त्या घरात 'बोंबील'. त्या कोणालाच नावाने हाक मारायच्या नाहीत, ज्याने पहिल्या दिवशी जे टांगलं ते त्याचं नाव. शेजारच्या खोलीत देवरीची मनीषा होती, जंगलाकडची, लई कमी बोलणारी. तिने आल्या दिवशी मोहफुलं लावली होती, म्हणून ती 'मोहफूल'. एक कृषी खात्यातला बाबू होता, त्याने पहिल्या दिवशी आळसाने मॅगीचा कागद लावला. तो बदली होऊन जाईपर्यंत बिचारा 'मॅगी'च राहिला, आणि त्याला भेटायला आलेल्या साहेबासमोरही मॅडमनी त्याला तशीच हाक मारली.

दोन-चार दिवसांनी भाड्याचं विचारायला मी माडीवर गेली तर मॅडमच्या स्वतःच्या दारावरही खिळा. चिमट्याला कारल्याची बी, आणि खाली त्यांनीच स्वतःला दहापैकी दिलेले मार्क, '४'. रात्री बाबांना फोनवर सांगितलं. त्यांनी आकडा दोनदा विचारून घेतला. मग म्हणाले, "स्वतःले चारच?" त्यानंतर बाबांनी दुसऱ्या खोलीचा विषय काढला नाही.

सगळ्याच गोष्टी बाहेरून ओळखायच्या, हा मॅडमचा छंद. टीव्ही पाहायच्या तो आवाज बंद करून. कोण खोटं बोलून राहिला ते तोंडावर दिसते ना, म्हणायच्या, आवाज कायले पाहिजे. आठवडी बाजारात भाजीवालीला भाव विचारायच्या आधी तिचा जेवणाचा डबा उघडायला लावायच्या. वांगे विकणारीच्या डब्यात वांग्याची भाजी असली तर वांगे घ्यायचे, नाहीतर पुढे चला. एकदा एक भाजीवाली चिडली, म्हणाली, "बाई, मी काय परीक्षेले बसली का?" मॅडम म्हणाल्या, "हाव. अन् कॉपी करून राहिली." डब्यात दुसरीच्या गोणीतली भेंडी होती.

पण मनीषाच्या वेळी मी पहिल्यांदा त्यांना हसायची थांबली. मनीषाच्या चिमट्याला एका संध्याकाळी बिस्किटाचा कागद होता. दुसऱ्या संध्याकाळीही तोच. मॅडमनी दारावर काठी मारली आणि ओरडल्या, "आत कोण हाय? मोहफूल नाई हे. मोहफुलाच्या चुलीवर बिस्किट शिजत नाई." आतून दात वाजल्याचा आवाज आला. मलेरिया होता. दोन दिवस ती कुणाला काही न सांगता गोधडीत पडून होती. मॅडमनी तिला तशीच उचलून दवाखान्यात नेलं, आणि रिक्षात बसताना मला म्हणाल्या, "आत काय चाललं ते दारावर दिसते. पाहणारा पाहिजे."

मनीषा बरी झाली तेव्हा मी एका दुपारी विचारलं, की मॅडम, खोलीत डोकावून पाहिलं असतं तर पहिल्याच दिवशी नसतं का कळलं?

"किलर टी सेल डोकावते का?"

मी फार्मसीवाली, टी सेल मला माहीत होती, म्हणजे परीक्षेपुरती. मॅडमनी काठीने अंगणात रेघा मारून सगळं शरीरच काढलं. प्रत्येक पेशी म्हणजे एक भाड्याची खोली. आत जे काही प्रोटीन शिजते त्याचे तुकडे ती पेशी स्वतःच्या दारावर टांगते. टी सेल फेरी मारत राहते, चिमटे पाहते. घरचाच तुकडा असला तर पुढे जाते. पण कोरोनाचा विषाणू खोलीत घुसला की तो चूल बळकावतो आणि स्वतःचंच रांधायला लागतो. मग दारावर त्याचा तुकडा येतो. तो पाहिला की किलर टी सेल खोलीच पाडते, आतल्या पाहुण्यासकट. अँटिबॉडी म्हणजे रस्त्यावरचा शिपाई. रस्त्यात विषाणू दिसला तर धरते, पण तो एकदा खोलीत शिरला की शिपायाचे हात टेकले. हेल्पर टी सेल स्वतः मारत नाही, बाकीच्यांना कामाला लावते.

"म्हणजे हेडमास्तर," मी म्हटलं.

"नाई. हेडमास्तरनं काम होत नाई."

मग छातीवर बोट ठेवून म्हणाल्या की इथे, हाडामागे, टी सेलची शाळा असते. जी पेशी घरच्याच नमुन्यावर धावून जाते तिला तिथे नापास करतात. लई कडक शाळा, बहुतेक सगळे नापास. आणि मग त्यांनी स्वतःचे हात वर केले. बोटं आल्याच्या गाठीसारखी वाकडी. "माह्या शाळेतून काही नापास पोट्टे पास होऊन सुटले. म्हणून हे असे."

त्या सांध्यांसाठी त्या नागपूरला जाऊन एक इंजेक्शन घ्यायच्या. त्याने दुखणं दबायचं, पण अँटिबॉडी बनवणाऱ्या बी सेल साफ व्हायच्या. म्हणून लस घेतली तरी रिपोर्टात अँटिबॉडी शून्य. तो रिपोर्ट घेऊन त्यांचा गोंदियाचा भाचा आला होता. राईस मिलवाला, मोठा माणूस, अर्धी हिंदी अर्धी मराठी, आणि आत्यापुढे एकदम पाचवीतला पोरगा. "आत्या, जीरो है जीरो," म्हणत तो अंगणात फिरत होता. "मतलब लस लागलीच नाई तुले."

मॅडमनी मला बोलावलं. म्हणाल्या, "बोंबील, याची नक्कल कर."

भाच्यासमोरच. मी आधी नाही म्हटलं, मग केली. खिसा चाचपत फिरणं, 'आत्या'वर चढणारा आवाज, मध्येच मोबाईल उलटा करून बघणं. भाचा स्वतःच हसायला लागला.

"हिनं तोंडाले काळं फासून, टोपी घालून केली तरी तू ओळखशील का नाई?" मॅडमनी त्याला विचारलं. "काऊन? तर तुकडे तेच हायेत. चाल एक तुकडा, खिसा एक तुकडा. अँटिबॉडी चेहरा पायते. चेहरा बदलला की फसते. टी सेल तुकड्यावरून ओळखते. लसीनं मले तुकडे दाखवले हायेत, आणि माह्या टी सेल जाग्यावर हायेत. त्या या कागदावर दिसत नाई, एवढंच."

पण पुढे हेही म्हणाल्या, आणि हे म्हणताना हसल्या नाहीत, की टी सेल रोगाला फाटकाशी अडवत नाही. आजार होईल. आत घुसल्यावर त्यांचं काम सुरू होते. ते होईल का नाही होईल, ते तेव्हाच दिसेल.

ते 'तेव्हा' आलं जानेवारीत. धान घरात आलं होतं, बांध्यांत लाखोरीच्या डाळीचं पीक हिरवं झालं होतं, आणि सगळ्या गावात नवीन कोरोनाची सर्दी फिरत होती. बाकीच्यांची तीन-चार दिवसांत जात होती. मॅडमचा ताप उतरेना. टेस्ट पॉझिटिव्ह. गावातले डॉक्टर म्हणाले की ऑक्सिजन सध्या ठीक आहे, पण या बाईच्या अंगात अँटिबॉडी नाही, हिचा भरवसा नाही. खाणं सुटलं किंवा ऑक्सिजन खाली आला तर क्षणभर थांबायचं नाही. भाच्याला त्यांना त्याच दिवशी नागपूरला न्यायचं होतं. मॅडमनी माडीचं दार आतून लावून घेतलं आणि दाराआडून सौदा केला. जोवर डॉक्टरला फोनवर ऑक्सिजन बरोबर सांगते आणि दारावर नमुना लागतो, तोवर कोणी हात लावायचा नाही. चिमटा रिकामा दिसला की न्या.

मग आमचे ते दिवस सुरू झाले. मी आणि मनीषा खाली रांधायचो, ताट माडीच्या वरच्या पायरीवर ठेवून खाली यायचो. दार किंचित उघडायचं, ताट आत जायचं. थोड्या वेळाने चिमट्याला काहीतरी लागायचं. भाताचं एक शीत, कागदाला चिकटवलेलं. लाखोरीच्या भाजीची काडी. एकदा नुसता मुगाच्या डाळीचा दाणा, आणि तो पाहून मनीषा जिन्यातच बसून राहिली, कारण ताटभर जेवणातून एवढंच खाल्लं की काय, ते कळायला मार्ग नव्हता. खडूचे मार्क बंद झाले होते. पुढे कळलं की त्यांना चव-वासच येत नव्हता, मार्क देणार कशाला. अंदाजाने मार्क देणं त्यांनी नोकरीतही केलं नव्हतं.

भाच्याचा रोज सकाळी फोन. हॅलो नाही, काही नाही. "टंगा है क्या?"

"हाव जी, टांगलं."

"क्या टांगा?"

"भेंडीचं देठ."

पलीकडून एक लांब श्वास, मग फोन बंद. मी मनीषाला त्या श्वासाचीही नक्कल करून दाखवली. ती हसली नाही. मलाही हसू आलं नाही.

एका रात्री माझं डोकं सटकलं. म्हटलं, पथ्याचं पांढरं जेवण पाहून निरोगी माणूसही झोपून राहील. मी बोंबलाची चटणी केली, लसूण घालून, आणि भाताच्या बाजूला एक अख्खा भाजलेला बोंबील ठेवला. न जाळता. ताट आत गेलं.

सकाळी चिमटा रिकामा होता.

मी खाली उभी राहून पाहिलं, वर जाऊन पाहिलं, परत खाली आली, जसं काही अंगणातून वेगळं दिसेल. सुतळी वाऱ्यावर हलत होती. दार बंद, आवाज नाही. मनीषाने हाका मारल्या, कडी वाजवली. मॅडमचा फोन बंद. मी भाच्याला लावला. त्याने नेहमीचं विचारलं आणि मी म्हटलं, "रिकामा हाय." तो म्हणाला, "निकल रहा हूं."

गाडी घेऊन तो आला तेव्हा डॉक्टर आले होते, त्याच्यासोबत मिलमधले दोन हमाल, दार तोडायची तयारी करून, चौघांच्याही तोंडाला मास्क. भाचा जिन्याखाली उभा होता आणि त्याला वर चढवत नव्हतं. तो मला म्हणाला, "तूच हाक मार ना व. तुझं ऐकते ती."

मी माडीच्या दारापाशी गेली. मग माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो माझा नव्हताच. नाकाच्या वरच्या मजल्यावरून निघाला. मी मनीषाच्या हातातला झाडू दारावर आपटला आणि म्हटलं:

"नमुना लागला का व? आत कोण हाय?"

आणि सवयीने शेवटी खोकली.

काही नाही. हमालाने पहार उचलली. तेवढ्यात आत पलंग करकरला, पीटीचे बूट फरशीवर घासले गेले, आणि दाराआडून झोपेत भिजलेला, बसलेला, पण खराखुरा आवाज आला.

"आवाज बरा हाय. खोकल्यात नापास."

भाचा तिथेच पायरीवर बसला. एवढा मोठा माणूस, मिलवाला, मास्कमध्येच रडला, आणि रडता रडता हसायला लागला, तर मास्क आत-बाहेर होऊ लागला. हमालाने पहार अशी हळू खाली ठेवली जशी काही ती काचेची होती. दार बोटभर उघडलं, डॉक्टरांनी फटीतून ऑक्सिमीटर आत दिला आणि त्यांच्या बोटावरचा आकडा पाहून होकाराची मान हलवली.

ताप रात्रीतून उतरला होता. कित्येक दिवसांनी बाईला गाढ झोप लागली होती, फोनची बॅटरी संपली ते कळलं नाही.

"मग नमुना काऊन नाई लावला?" भाचा ओरडला. "जान गेली ना आमची."

दार आता वीतभर उघडलं. मॅडम वाळून अर्ध्या झाल्या होत्या, पण स्वेटर तोच. त्यांनी रिकाम्या चिमट्याकडे पाहिलं, मग माडीच्या कठड्याकडे. तिथे शेजाऱ्याची पांढरी मांजर बसून अतिशय मन लावून मिशा चाटत होती.

"लावला होता," मॅडम म्हणाल्या. "शेपूट."

मग काठीने खिळ्याच्या खाली दाखवलं. आम्ही सगळे तिथेच उभे होतो, डॉक्टरसुद्धा, आणि सकाळपासून एकानेही खिळ्याखाली पाहिलं नव्हतं. भिंतीवर खडूने, वाकड्या बोटांनी वाकडं झालेलं, पण मोठ्ठं लिहिलं होतं: '८. मीठ कमी.'

"चव आली?" मी विचारलं. माझ्या स्वतःच्या आवाजात.

"आली म्हणूनच तर समजलं ना, मीठ कमी हाय." मग भाच्याकडे वळून म्हणाल्या, "तुमी चिमटा तसाच वाचला जसा तो रिपोर्ट वाचला होता. रिकामा दिसला की आत काईच नाई." आणि खोकल्या. जाडा, घोंगडी झटकल्यासारखा. डॉक्टर दचकले, आम्ही नाही. हा कोरोनाचा नव्हता, हा त्यांचा होता.

त्या दिवशी भाचा अंगणात बसून आमच्या चुलीवरचा भात आणि बोंबलाची चटणी जेवला, बोटं चाटून. जाताना स्वतःच एक शेपूट नेऊन आत्याच्या चिमट्याला लावलं आणि मांजर येईल म्हणून काठी घेऊन पहारा देत उभा राहिला. मिलमधून फोन येत होते. तो उचलत नव्हता.

मॅडम आता गोंदियाला त्याच्याकडे राहतात. जिना चढवत नाही. मी तिथल्याच एका मेडिकल स्टोअरमध्ये कामाला आहे, पण रोज जाणं होत नाही. म्हणून रोज संध्याकाळी भाचा व्हॉट्सॲपवर फोटो टाकतो. नव्या घराचं पॉलिश केलेलं भारी दार, त्यात ठोकलेला खिळा, चिमटा, चिमट्यात कधी फणसाची आठळी, कधी दोडक्याची शीर, कधी काहीच नाही, कारण मांजर गोंदियातही आहे.

मी फोटो मोठा करते आणि आधी चिमट्याच्या खाली पाहते.